गुरुवारचा काटा आणि बोरसे सिस्टर

बोरसे सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी बाईच्या पायांकडे बघायच्या, तोंडाकडे मागाहून. नवीन सुनांना वाटायचं, सिस्टर आपली जोडवी बघताहेत. एकदोघींनी तर चांदी खरी की खोटी, हेही आपणहून सांगून टाकलं होतं. सिस्टरचं लक्ष चांदीकडे नसायचंच. घोट्यावर सूज आहे का, एवढंच त्यांना बघायचं असायचं. ती नसली की मग मान वर करून विचारायच्या, “काय वं माय, कितलं खादं आज?”

काय खाल्लंस असं त्या कधी विचारत नसत. किती खाल्लंस, हाच प्रश्न. आणि तोही आमच्या अहिराणीत, कारण सिस्टर धुळ्याकडच्या आणि आम्ही शिरपूरकडचे. समोरची बाई गुजराती असली तर गुजरातीत, बिहारची असली तर हिंदीत. हिंदी त्यांची फार वाईट होती, पण कुणाची हसायची हिंमत नव्हती.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझा दादा सिल्वाशाजवळ खडोलीला एका सुताच्या कंपनीत मशीनवर होता. कंपनीच्या मागच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या. दादा, लता वहिनी, आई आणि मी. मी तिथून बसने कॉलेजला जायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. सिस्टर मला ‘ग्रॅज्युएट बाई’ म्हणायच्या. अजून झाले नव्हते तेव्हापासून म्हणायच्या.

सिस्टर त्याच कंपनीच्या फर्स्ट-एडच्या खोलीत होत्या. मशीनमध्ये बोट सापडलं की पट्टी बांधायची, डोकं दुखलं की गोळी द्यायची, एवढ्या कामाचा त्यांना पगार. कामगारांच्या बायकांची पोटं हे काही कंपनीचं खातं नव्हतं. ते खातं सिस्टरनी स्वतःच उघडलं होतं, आणि ते दुपारी एक वाजता, गेटवर.

एकला जेवणाची सुट्टी व्हायची. चाळीतल्या बायका नवऱ्याचे डबे घेऊन गेटवर यायच्या. रीत अशी की नवरा जेवायचा, उरलंसुरलं बाई घरी जाऊन खायची, आणि बहुतेक वेळा उरायचंच नाही. सिस्टर वॉचमनच्या स्टुलावर बसायच्या. पोटुशी बाई दिसली की तिला हाताला धरून बाकड्यावर बसवायच्या, डबा उघडायच्या आणि म्हणायच्या, “जेव.”

“सिस्टर, हे त्यांचं आहे.”

“माहीत आहे. जेव.”

आतून नवरा यायचा. कुणी चिडायचा, कुणी लाजायचा. एकदा युपीचा एक मुकादम ओरडला, “सिस्टरजी, मेरी रोटी!” सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “आधी रोटी तुम्हारी, आधी तुम्हारे बच्चे की. उसको डबा कौन लाएगा पेट के अंदर?” पुरुष हसले. मुकादमही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको डब्यात दोन पोळ्या जास्त टाकून आणायला लागली. सिस्टरना हेच हवं होतं. भाषण त्यांनी कधी केलं नाही.

आता काट्याचं सांगते.

कंपनीत डिस्पॅचला माल तोलायचा एक मोठा लोखंडी काटा होता, सुताचे खोके चढवायचा. दर गुरुवारी आमच्या भागात वीज बंद, म्हणून मशिनं बंद, कंपनीला सुट्टी. सिस्टरनी ठरवलं, गुरुवारी या काट्यावर चाळीतल्या पोटुशा बायकांचं वजन करायचं. डिस्पॅचचे रमणभाई नवसारीकडचे, वयस्कर, भित्रे. ते म्हणाले, “बेन, आ मालनो काटो छे. माणसनो नथी.”

“रमणभाई, याच्यापेक्षा महाग माल तुमच्या गोडाऊनमध्ये कधी आला होता का?”

रमणभाईंनी किल्ली दिली. पण बायकाच येईनात. भरल्या पोटाच्या बाईला तोलू नये, नजर लागते, असं आमच्याकडे सगळ्या मानायच्या. सिस्टरनी वाद घातला नाही. त्या स्वतः चपला काढून काट्यावर चढल्या आणि शेजारच्या कंपनीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बासष्ट किलो! लागली नजर तर मला लागो, थोडी कमी तरी होईन.” पुढे दर गुरुवारी आधी त्यांचं वजन, ते मोठ्याने जाहीर, आणि मग बाकीच्यांची रांग. बाकीच्यांचं मात्र त्या हळू आवाजात मला सांगायच्या. मी ते सुताच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या कार्डावर लिहायचे. दर आठवड्याला एक ठिपका, आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ. वाचता येत नव्हतं त्या बायकांनाही रेघ समजायची. वर गेली की त्या कार्ड पदराआड लपवून न्यायच्या, जसं काही बक्षीस मिळालंय.

हे साहेबांच्या कानावर गेलं. कारखान्याचे मॅनेजर नाशिकचे, सिल्वाशात टोकरखाड्याच्या कॉलनीत राहायचे. त्यांनी काटा बंद करवला. मालाच्या काट्यावर बायका, उद्या कुणी पडलं तर जबाबदार कोण? चुकीचं बोलले असंही नाही. सिस्टर दोन गुरुवार गप्प बसल्या.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांना ताप आला, म्हणून इंजेक्शन द्यायला सिस्टर त्यांच्या बंगल्यावर गेल्या. साहेबांच्या पत्नीला आठवा महिना होता. गोऱ्यापान, भरलेल्या अंगाच्या बाई. त्यांच्या घरी वजनाचा छोटा काटा होता आणि त्या आनंदाने सांगत होत्या, “आठवड्यात तीन किलो वाढलं सिस्टर, सासूबाई म्हणतात बाळ छान अंग धरतंय.” सिस्टरनी नेहमीप्रमाणे पायांकडे बघितलं. खाली बसून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. हातातली अंगठी निघेना. डोकं दुखतं का विचारलं, तर बाई म्हणाल्या, दोन दिवस फार दुखतंय. सिस्टर उठल्या आणि तापातल्या साहेबांना म्हणाल्या, “ही चरबी नाही, हे पाणी आहे. गाडी काढा. आत्ता.”

बाईंचा रक्तदाब फार वर गेला होता. वेळेवर पोचल्या म्हणून आई आणि मूल दोघं वाचली. त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही गोडाऊनवर गेलो, तर काट्याला चढायला लाकडी पायरी केलेली, धरायला कठडा, आणि एका बाजूला पडदा. साहेबांनी करवून घेतलं होतं. सिस्टर पडद्याला हात लावून म्हणाल्या, “कापड बरं आहे.” बस्स.

त्या दिवसापासून चाळीतल्या बायकांना एक गोष्ट नीट कळली. वजन वाढायला हवं, पण ते चढावं जिन्यासारखं, उडी मारल्यासारखं नाही. सडपातळ बाईने जास्त वाढवावं, अंगाने भरलेलीने बेताने, आणि एकदम वाढलं तर आनंद मानू नये, सिस्टरकडे यावं.

हे सगळं कळूनही आमच्या घरात काय चाललं होतं, ते सांगायला मला आज थोडी लाज वाटते.

लता वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी गावी झालं होतं, मुठीएवढं, आणि आठव्या दिवशी गेलं. यावेळी दादा रोज कामावर जाताना आधी देवापुढे उभा राहायचा. वहिनी काडीसारखी. चौथ्या महिन्यात एकोणचाळीस किलो. पाचव्यात साडेएकोणचाळीस. सहावा संपत आला तरी साडेएकोणचाळीसच. कार्डावरची रेघ पाटासारखी आडवी.

कारण आमची आई. आई वाईट नव्हती. वहिनीला ती कामाला लावत नसे, ओझं उचलू देत नसे. पण ताटात एका भाकरीवर दुसरी पडू देत नसे. “पोटमा जागा ठेवनी पडस,” ती म्हणायची. “जास्ती खादं की पोर मोठं व्हस, मंग अडकस.” पहिलं मूल लहान होतं म्हणून सून सुखरूप सुटली, असं तिचं पक्कं मत. मूल गेलं ते देवाने नेलं. सून वाचली ती तिच्या शहाणपणाने.

सिस्टरनी वहिनीला सांगितलं, “पुढच्या गुरुवारी हा काटा हलला नाही, तर मी तुझ्या घरी येते आणि सासूशी बोलते.”

पुढच्या गुरुवारी सकाळी मी चटणी वाटायला बसले, तर पाट्यावर वरवंटा नाही. वहिनी म्हणाली, शेजारी दिलाय. माझं लक्ष कॉलेजच्या पुस्तकात होतं, मला खरं वाटलं.

दुपारी वहिनी काट्यावर चढली. सिस्टरनी वजन सरकवलं आणि मला आकडा सांगितला, “बेचाळीस.” मी खुशीत ठिपका काढला. वर बघते तर सिस्टरचा चेहरा उतरलेला. आठवड्यात अडीच किलो. त्यांनी वहिनीला खोक्यावर बसवलं, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा नाही. पापणी खाली ओढून बघितली. बोटातली अंगठी फिरवली, ती तर गरागरा फिरली. “डोकं दुखतं? डोळ्यांपुढे चमकतं?” वहिनी मान हलवत राहिली. नाही, नाही. आणि रडायलाच लागली.

सिस्टरनी पडदा ओढला. वहिनीच्या कमरेला हात लावला आणि थांबल्या. मग निरीचा घोळ सोडला, तर आतून फडक्यात बांधलेला वरवंटा निघाला.

मला हसू फुटलं. सिस्टर हसल्या नाहीत. बाहेरून रमणभाईंनी विचारलं, “केटलुं थयुं, बेन?” सिस्टर म्हणाल्या, “थांबा रमणभाई, अजून मोजतेय.” त्यांनी वरवंटा एकटाच काट्यावर ठेवला. अडीच किलो. म्हणजे वहिनी साडेएकोणचाळीसच.

“तुम्ही घरी आल्या असत्या,” वहिनी हुंदके देत म्हणाली, “तर भांडण झालं असतं. सासूबाईंचं मन दुखलं असतं. त्या माझ्यासाठीच करतात सगळं.”

सिस्टरनी तिला निऱ्या सावरून दिल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि ग्रॅज्युएट बाई, तू? एकाच घरात जेवता ना? हिच्या ताटात किती भाकरी असते, ते तुला दिसत नाही?”

मला खरंच दिसत नव्हतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, माझं ताट भरलेलं असायचं, आणि वहिनी माझ्यानंतर जेवायला बसायची. मी कार्डावर नुसत्या आडव्या रेघा ओढत होते. सिस्टरनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि तो बेचाळीसचा ठिपका खोडला.

मग वरवंटा काखेत मारून त्या आमच्या घरी निघाल्या. आम्ही दोघी मागे. चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघताहेत.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. सिस्टर म्हणाल्या, “अक्का, हा तुमचा का?”

“आमचाच शे. कुठे सापडला?”

“तुमच्या सुनेच्या पोटात.”

आईने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता होणार. दादा आतून बाहेर आला. सिस्टर मात्र आईशेजारी खाली बसल्या, पाय पसरून, आणि म्हणाल्या, “अक्का, तुम्ही कुणाचं बाळंतपण अडलेलं बघितलंय. नाहीतर एवढ्या घाबरल्या नसत्या. कुणाचं?”

हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आई स्वतःच्या थोरल्या बहिणीचं सांगायला लागली, “मनी मोठी बहीन. दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी गयी. दाई म्हणे, लई खादं म्हणून पोर मोठं झालं.”

“किती वर्षांची होती?”

“चौदा.”

“केवढी होती उंचीला?”

आईने हात धरून दाखवला. उभी राहून, स्वतःच्या खांद्याएवढा. हात दाखवता दाखवता तिचा हातच हवेत राहिला.

सिस्टर म्हणाल्या, “पोर मोठं नव्हतं अक्का. आईच लहान होती. तिची हाडं वाढायची होती अजून. वाट कुठून मिळणार?” मग विचारलं, “आणि खात होती का हो खरंच?”

“कशाचं खाणं,” आई म्हणाली. “आमच्या घरात होतं काय खायला?”

आयुष्यभर जे मानलं, ते तिच्याच तोंडून खोटं ठरलं होतं, आणि तिला ते कळलं होतं. तिने डोळ्यांना पदर लावला. आईला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. सिस्टर तिच्याकडे न बघता सुपातले खडे निवडत बसल्या. सूप अर्धं निवडून झाल्यावर म्हणाल्या, “चहा टाका. आणि भाकरी असली तर भाकरी. मी सकाळपासून उपाशी आहे.” जेवताना त्यांनी एवढंच सांगितलं, “मी आठवड्यातून एकदा वजन करणार. चूल तुमच्या हातात आहे. हिचं वजन मी वाढवू शकत नाही अक्का. तुम्हीच वाढवू शकता.”

दुसऱ्या दिवसापासून आई बदलली म्हणजे किती बदलली! दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, रानातल्या वारली बायकांकडून घेतलेली नागली म्हणजे नाचणी, शेवग्याचा पाला, सकाळ-संध्याकाळ दूध. वहिनी आधी जेवायची, मग आम्ही. गुरुवारी आई स्वतः तिला काट्यावर घेऊन जायची. पायरी चढण्याआधी वहिनीची कंबर आई सगळ्यांसमोर चाचपायची, वरवंटा नाही ना म्हणून, आणि सगळ्या बायका खो-खो हसायच्या. एका आठवड्यात वजन बरंच चढलं, तेव्हा सिस्टरनी आईलाच दम दिला, “अक्का, ट्रकमध्ये माल भरताय का? डिंकाचे लाडू बंद करा. आठवड्याला अर्धा किलो, बस्स.” आईने लाडू बंद केले. शेजारच्या बाईला आम्ही ऐकत असताना तिने सांगितलं, “अर्धा किलोच पाहिजे असतो. तुम्हाला नाही कळायचं.”

शेवटच्या गुरुवारी वहिनी सत्तेचाळीस किलोला पोचली. कार्ड मी जपून ठेवलंय म्हणाले तर खोटं होईल. आईनेच ते घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. दादा साहेबांच्या जीपमधून वहिनीला सिल्वाशाला दवाखान्यात घेऊन गेला. व्हरांड्यात आई भिंतीला टेकून उभी. बस म्हटलं तरी बसेना. कुणी दार उघडून बाहेर आलं की एकच विचारायची, “अडलं का?” इतके महिने तिने स्वतःच्या भीतीविरुद्ध रोज दोन भाकऱ्या जास्त थापल्या होत्या, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. सिस्टरवर विश्वास ठेवला खरा, पण भीती काही गेली नव्हती. तशीच भीती पोटात घेऊन ती भाकऱ्या थापत राहिली होती.

दुपारी दोनच्या सुमाराला मुलगी झाली. नीट झाली, आपली आपण झाली. आतल्या नर्सने सांगितलं, “पावणेतीन किलो.”

आई म्हणाली, “परत तोला.”

नर्सने परत तोललं. पावणेतीनच. आई तिथेच फरशीवर बसली.

सिस्टर जेवणाच्या सुट्टीत निघाल्या होत्या, त्या तेव्हा पोचल्या. केसांत सुताचे तंतू. आधी वहिनीकडे गेल्या, रक्त किती गेलं विचारलं, नाडी बघितली, मग बाळाकडे. वॉर्डमधल्या बाकीच्या बायकांना आईकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे काम या अक्कांचं आहे.” आणि तीनची पाळी लागायच्या आत परत पोचायचं म्हणून निघूनही गेल्या. आईने ते वाक्य पुढे किती जणींना सांगितलं, त्याची मोजदाद नाही. मला बी.ए.ची डिग्री मिळाली त्या दिवशीही पेढे वाटताना ती आधी हेच सांगत होती. मला राग आला नाही. त्या दोघींनी मिळून जे केलं, ते माझ्या डिग्रीपेक्षा अवघड होतं, आणि मी दोन्ही जवळून बघितलं आहे.

सिस्टरना मी शेवटचं बघितलं ते ब्याण्णवच्या आसपास. वय झालं म्हणून कंपनी सोडून त्या धुळ्याला भावाकडे चालल्या होत्या. सकाळची बस. डेपोवर आम्ही सगळे गेलो होतो, आणखी पंचवीस-तीस बायका होत्या, कडेवर पोरं घेऊन. रमणभाई नारळ घेऊन आले होते. आमची पोरगी चार वर्षांची, अंगाने दणकट. आईने तिला कडेवर उचललं होतं आणि दमून या कडेवरून त्या कडेवर घेत होती, पण खाली सोडत नव्हती. सिस्टरना दिसायला हवी म्हणून.

सिस्टर खिडकीशी बसल्या. आम्ही हात हलवायला लागलो. तेवढ्यात बसमध्ये एक कोवळी पोरगी चढली, डोक्यावर गाठोडं, पोट पुढे आलेलं. बसायला जागा नव्हती. सिस्टर उठल्या, तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः दांड्याला धरून उभ्या राहिल्या. वाकून तिच्या पायांकडे बघत काहीतरी विचारू लागल्या. पोरगी लाजून बोटांनी काहीतरी मोजून दाखवत होती. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. सिस्टरनी आमच्याकडे बघितलंच नाही.

बायका ओरडल्या, “सिस्टर! ओ सिस्टर!” दादा बसच्या बाजूने धावायला निघाला, हाताने पत्रा वाजवायला. आईने त्याचा शर्ट मागून धरला.

“हाका मारू नको तिला,” आई म्हणाली. “कामवर शे ती.”